बावखलावरची कार्मिन

२ जून, सोमवार

उन्नतीने वाढदिवसाची भेट म्हणून ही वही दिली. "बाबा, दिवसभर सगळ्यांना कागद सोडा म्हणून सांगता ना, मग घरी तरी कागदावर लिहा." टोमणे मारण्यात पोरगी आईवर, सुनंदावर, गेली आहे. असो. वही चांगली आहे, आणि तिला पासवर्ड लागत नाही.

आज ट्रस्टच्या सभेत शेवटी ठरलं. पंधरा ऑगस्टपासून आमचं नव्वद खाटांचं रुग्णालय कागदमुक्त होणार. केसपेपर, वॉर्डातली रजिस्टरं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं संगणकात. जबाबदारी प्रशासकीय अधिकाऱ्याची, म्हणजे माझी. सभा संपल्यावर आमचे तरुण वैद्यकीय संचालक डॉ. हर्षवर्धन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सावर्डेकर, हे जमवलंत तर मुख्य कार्यकारी म्हणून तुमचंच नाव पुढे करतो." चोपन्नाव्या वर्षी खांद्यावर एवढा हात पडला तरी पुष्कळ वाटतं. एव्हरशाईन वसाहतीतल्या घरी येताना पेढे घेऊन आलो.

सुनंदा म्हणाली, "झाल्यावर आणायचे असतात पेढे."

११ जून, बुधवार

आज स्त्रियांचा वॉर्ड बघितला. तिथल्या इन्चार्ज क्लेमेंटीन सिस्टर, भुईगावच्या. एकतीस वर्षं इथेच आहेत, म्हणजे भिंतींइतक्याच जुन्या. कोविडात सुनंदा दाखल होती तेव्हा याच बाईंनी तिला रात्रंदिवस सांभाळलं, हे मी विसरलेलो नाही. पण काम म्हणजे काम.

त्यांचं रजिस्टर बघून मी कपाळावर हात मारला. रुग्णाचं नाव, आणि पुढे शेरा: 'बावखलावरची', 'क्रुसाजवळची', 'मास्तरांची धाकटी सून'. काही नावांभोवती लाल पेन्सिलीने गोल.

"हे काय आहे, सिस्टर?"

"साहेब, आमच्या गावात एका नावाच्या चार-चार बायका. आडनावही तेच. आधार कार्ड काढलं तेव्हा म्हाताऱ्यांना जन्मतारीख सांगता येईना, म्हणून सगळ्यांना एक जानेवारी टाकली. मग ओळखायचं कशावरून? घरावरून. ही कार्मिन लोपीस बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर राहते, माझ्या शेजारी. ही दुसरी कार्मिन लोपीस गावच्या क्रुसाजवळची."

"आणि लाल गोल?"

"बावखलावरचीला पेनिसिलिन चालत नाही. एकदा दिलं होतं तर मरता मरता वाचली."

मी शेजारच्या खाटेवरच्या आजीला विचारलं, तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही? ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "ते क्लेमेंटीनला ठाऊक."

सगळ्यांचं हेच उत्तर. अख्खं रुग्णालय एका बाईच्या डोक्यावर आणि एका लाल पेन्सिलीवर चाललंय. उद्या ही बाई आजारी पडली तर? यासाठीच संगणक हवा. हे मी उद्या डॉक्टरांना जसंच्या तसं ऐकवणार आहे.

६ जुलै, रविवार

आज नर्सेसचं प्रशिक्षण, सकाळी आठला. सव्वीसपैकी नऊजणी आल्या. क्लेमेंटीन नाहीत. चर्चमध्ये मिस्सा होती म्हणे.

शुक्रवारी त्या येऊन सांगून गेल्या होत्या, "दुसरा कुठलाही वार द्या साहेब. ड्युटी संपवून बसते, उशीर झाला तरी चालेल." पण सॉफ्टवेअर कंपनीची माणसं रविवारीच मोकळी. एकासाठी नियम वाकवला की सगळे रांग लावतात. प्रशिक्षण नाही तर पासवर्ड नाही, असं मी नोटीस बोर्डावर लावलं. लॉगिन सगळ्यांच्या नावाने तयार आहेत. जे आले नाहीत त्यांची पाकिटं माझ्या खणात.

२३ जुलै, बुधवार

क्लेमेंटीन सिस्टरना वॉर्डातून काढून तिसऱ्या मजल्यावर जुन्या फायली स्कॅन करायला बसवलं. ही शिक्षा नव्हे. ज्याला संगणक येत नाही त्याला वॉर्डात ठेवून करायचं काय? त्यांच्या जागी टिफनी. बावीस वर्षांची मुलगी आहे, पण बोटं झरझर चालतात.

वॉर्डातली मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली, "साहेब, सिस्टर वर गेल्या, आता म्हाताऱ्यांना कोन ओळखनार?"

मी म्हटलं, "स्क्रीन ओळखेल."

मावशीने बादलीतलं पानी बदलायला जायचं निमित्त काढलं. (पाणी. आता माझ्याही लिहिण्यात तिची बोली यायला लागली.)

१० ऑगस्ट, रविवार

सुट्टी नाही. पाच दिवस उरले आणि सॉफ्टवेअर कंपनीची ॲनिशा नवीन दुखणं घेऊन आली. बोळिंजला राहते, हुशार आहे, तोंडात कायम 'सर'.

"सर, चारशे बारा डुप्लिकेट दिसतायत. एकाच पेशंटच्या दोन-दोन नोंदी. त्या मर्ज करून एक केल्याशिवाय सिस्टीम सुरू करायचं, गो-लाइव्हचं बटण ग्रीन नाही होणार."

"मग करून टाक."

"दोन मंजुऱ्या लागतात सर. एक वॉर्ड इन्चार्जची, एक तुमची. इन्चार्ज अजून क्लेमेंटीन मॅडमच आहेत सिस्टीममध्ये."

मिस्सा आटोपून त्या आल्यावर यादी छापून त्यांच्या हातात दिली. दोन तासांत परत घेऊन आल्या. तीनशे पंचाहत्तर नावांपुढे बरोबर. सदतीस जोड्यांना लाल पेन्सिल.

"हे मर्ज करू नका साहेब. ही वेगवेगळी माणसं आहेत."

"एक नाव, एक गाव, एक जन्मतारीख. वेगळी कशावरून? पुरावा आणा. प्रत्येकाचं आधार कार्ड, दोन दिवसांत."

"दोघी कार्मिन रविवारी एकाच बाकावर बसतात, साहेब. आज सकाळीही होत्या. आणखी काय पुरावा आणू?"

पुढचे कागद मी वाचले नाहीत. फक्त सदतीस आकडा लिहून घेतला आणि यादी खणात टाकली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळपर्यंत सहा आधार कार्डं आली. सहा! अशाने पुढचा नाताळ उजाडेल.

दुपारी डॉ. हर्षवर्धनांचा फोन आला. निमंत्रणं गेली, पाहुणे ठरले, आणि सावर्डेकर, तुमचं बटण अजून लाल कसं?

चार वाजून दहा मिनिटांनी मी खणातून क्लेमेंटीनचं पाकीट काढलं, फोडलं, त्यांच्या नावाने आत गेलो आणि सगळ्या चारशे बारा जोड्यांना मंजुरी दिली. मग माझ्या नावाने आत जाऊन पुन्हा दिली. त्यांना बटणं दाबता आली असती तर त्यांनीही शेवटी दाबलीच असती. घरचीच सही, फक्त हात दुसऱ्याचा.

'दुबार नोंदी: शून्य.' बटण हिरवं झालं. खोटं कशाला लिहू, पोरीच्या निकालाच्या दिवशी होतो तसा आनंद झाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, फीत, भाषणं. टिफनीने पाहुण्यांसमोर पहिली नोंद केली, टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी माझं नाव दोनदा घेतलं. क्लेमेंटीन नव्हत्या. आज त्यांच्या चर्चमध्येही सण असतो म्हणे.

३ सप्टेंबर, बुधवार

जुनी रजिस्टरं टेम्पोत भरून रद्दीत गेली. कपाटं रिकामी. वॉर्ड केवढा मोठा दिसतो आता.

१७ सप्टेंबर, बुधवार

नीट लिहून ठेवतो.

सकाळी साडेदहाला कार्मिन लोपीस, वय चौऱ्याहत्तर, भुईगाव, रिक्षातून आल्या. ताप, छातीत कफ, बोलताना धाप. सोबत शेजारचा माणूस. मुलगी एलिना शाळेत शिकवते, ती वर्गावर होती. काउंटरवर नाव टाकलं, नोंद लगेच उघडली.

टिफनीने नियमाप्रमाणे विचारलं, आजी, कुठलं औषध सोसत नाही का? आजी म्हणाल्या, "क्लेमेंटीनला विचार." टिफनीने स्क्रीन बघितला. 'ॲलर्जी: नाही.' ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच जातीचं इंजेक्शन लिहिलं होतं.

नुसता टेस्ट डोसही पुरला. ओठ सुजले, श्वास कोंडला. पाऊण तास सगळे झटत होते. अकरा पन्नासला संपलं.

मावशी धावत तिसऱ्या मजल्यावर गेली होती. क्लेमेंटीन खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी फाईल होती. कार्मिनचीच. पुढच्या आठवड्यात स्कॅन व्हायच्या ढिगात होती. तिच्यावर लाल गोल.

त्यांनी ती फाईल खाटेवर, कार्मिनच्या पायाशी ठेवली आणि तिचे केस सारखे केले. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ॲनिशाने शोधून काढलं. भुईगावच्या दोन कार्मिन लोपीस होत्या, दोघींची जन्मतारीख एक जानेवारी एकावन्न. मर्ज करताना नवीन नोंद राहिली, जुनी पुसली गेली. नवीन नोंद क्रुसाजवळचीची होती. तिला सगळी औषधं चालतात.

"कुणी मर्ज केलं ते लॉगमध्ये आहे, सर. बारा ऑगस्ट, चार दहा. क्लेमेंटीन मॅडम. मग चार बावीसला तुम्ही."

मी विचारलं, लॉग बदलता येतो का. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही ना सर. कुणालाच नाही येत. तेच तर बेस्ट आहे या सिस्टीमचं."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं का? की मलाच वाटलं?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चौकशी समिती. डॉ. हर्षवर्धन आणि दोन विश्वस्त. बाहेर बाकावर टिफनी रडत होती. तिला सोडलं, तिने स्क्रीनप्रमाणेच केलं होतं.

क्लेमेंटीनना लॉगचं पान दाखवलं.

"हे मी केलेलं नाही."

"लॉगिन तुमचं आहे. पासवर्ड कुणाला दिला होता?"

"मला पासवर्ड कधी मिळालाच नाही. साहेबांना विचारा ना."

तिघेही माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "सर्व कर्मचाऱ्यांची लॉगिन जुलैच्या पहिल्याच आठवड्यात तयार झाली होती." यातला एकही शब्द खोटा नाही. मी शब्द न शब्द तपासला आहे.

"मी यादीवर लाल पेन्सिलीने लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तारीख घालून, सही करून. यादी साहेबांकडे आहे."

"शोधावी लागेल," मी म्हणालो. "बरेच कागद रद्दीत गेले."

डॉ. हर्षवर्धन टेबलावरच्या पेनाशी खेळत होते. त्यांना तपशील नको होता, प्रकरण मिटल्याची तारीख हवी होती. पुढच्या महिन्यात मानांकनाचं तपासणी पथक यायचं आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

यादी खणातच होती. तेव्हा न वाचलेलं आज वाचलं. सातव्या पानावर, दोन कार्मिनच्या जोडीपुढे, शाळेतल्या मुलीसारख्या अक्षरात:

'या दोघी आहेत. बावखलावरचीला पेनिसिलिन देऊ नये. जिवाला धोका. सि. क्लेमेंटीन, १०/८.'

मी खण बंद केला. मग कुलूप लावलं. मग कुलूप लागलं की नाही ते ओढून बघितलं.

मी चोर नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली, कधी कुणाची पेन्सिलही घरी आणली नाही. हे कुणाला सांगतोय मी?

४ ऑक्टोबर, शनिवार

क्लेमेंटीनचा राजीनामा घेतला. 'घेतला' हाच शब्द बरोबर. प्रकरण पोलिसांत जाऊ नये म्हणून ट्रस्टने एलिनाशी बोलणं केलं, आणि 'संबंधित इन्चार्जवर कारवाई झाली' असं तिला लेखी कळवलं. सही माझी.

दुपारी त्या सामान घ्यायला आल्या. एक छत्री, एक डबा, रोझरीची माळ. माझ्या केबिनच्या दाराशी थांबल्या.

"नोकरीचं जाऊ द्या, साहेब. दोनच वर्षं राहिली होती. पण एलिना बोलत नाही माझ्याशी. मी हिला बाळंतपणाच्या खाटेवरून उचललंय. आईला मीच मारलं म्हणते. अंगणात दिसले की दार लावून घेते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ती यादी सापडली तर द्या मला. कमिटीला नाही दाखवणार. फक्त तिला दाखवीन. मी झेरॉक्स काढायला हवी होती, माझीच चूक."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

"सापडत नाहीये, सिस्टर."

"शोधून ठेवा हां," त्या म्हणाल्या. वर जाताना रोज म्हणायच्या तसं, "येते, साहेब," म्हणून गेल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काउंटरवर गोंधळ. एक म्हातारी बाई औषधं घ्यायला आली होती आणि काउंटरवरची मुलगी तिला म्हणत होती, आजी, हे पेशंट तर वारलेत.

"कोण वारली? मी उभी आहे ना इथं!"

क्रुसाजवळची कार्मिन. दोघींची नोंद एक, त्यामुळे एक गेली तशी दुसरीही गेली. मागची पोरं हसत होती. मला हसू आलं नाही.

ॲनिशा म्हणाली, नोंदी परत वेगळ्या करता येतात, पण त्यासाठी 'चुकीचं मर्ज' असा फॉर्म भरावा लागेल, कारण लिहावं लागेल, आणि तो आपोआप सगळ्या विश्वस्तांना जाईल. मी डॉ. हर्षवर्धनांना विचारलं. ते म्हणाले, "आता कुठे पुन्हा उकरता. नवीन पेशंट म्हणून नवीन नंबर द्या."

दिला. मी स्वतः बसून भरला. आधीचे आजार कोणते, कार्मिनबाई? ऑपरेशन? काही सोसत नाही असं औषध?

"ते सगळं क्लेमेंटीनला ठाऊक," ती म्हणाली. "बोलवा ना तिला."

रकाने रिकामे ठेवून चालत नाही, पान पुढे जात नाही. सगळीकडे 'नाही' टाकलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी पथक आलं, गेलं. अहवाल उत्तम. तीन तारखेपासून मी मुख्य कार्यकारी अधिकारी. केबिनही बदलणार, म्हणून खणातले कागद बॅगेत भरून घरी आणले.

१ नोव्हेंबर, शनिवार

बॅग आवरताना सुनंदाच्या हाती यादी लागली.

"ही कुणाची सही?"

"जुना कागद आहे. टाकायचाय."

"तारीख वाचता येते मला." ती खुर्ची ओढून समोर बसली. मग मी सगळं सांगितलं. पाकीट, चार दहा, सगळं. पंचवीस वर्षांत तिच्यासमोर रडलो नव्हतो, आज रडलो. बरं वाटलं. रडून इतकं बरं वाटू नये.

ती म्हणाली, "मला ऑक्सिजन लागला होता तेव्हा तुम्हाला आत सोडत नव्हते. त्या बाईने माझा हात धरला होता. तुमचा म्हणून मी तो धरून ठेवला." मग म्हणाली, "उद्या त्यांच्याकडे मृतांचा दिवस असतो. सगळं गाव दफनभूमीत येईल. एलिनाही येईल. जा आणि देऊन या. खुर्ची गेली तर गेली."

जाणार आहे. ठरलं. हलकं वाटतंय.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो होतो.

भुईगावची दफनभूमी माणसांनी भरली होती. थडग्याथडग्यावर झेंडूची फुलं, मेणबत्त्या, फादर एकेका रांगेत आशीर्वाद देत चालले होते. यादी घडी करून शर्टाच्या खिशात होती. कार्मिनचं थडगं अजून मातीचंच आहे. एलिना ओणवी होऊन मेणबत्त्या रोवत होती.

मला बघून ती उठली. तिचे डोळे भरून आले. "साहेब, तुम्ही आलात? हॉस्पिटलमधून कुणीच आलं नाही. फोनही नाही." तिने आजूबाजूच्यांना सांगितलं, "हेच ते साहेब. यांच्या पत्रामुळे खरं काय ते कळलं." एकदोघांनी हात जोडले. कुणीतरी मला वाट करून दिली. एलिनाने माझ्या हातात मेणबत्ती दिली. "लावा ना, साहेब. ममाला बरं वाटेल."

हात खिशाकडे गेला होता. मेणबत्ती धरायला तो मला मागे घ्यावा लागला.

लावली.

फाटकाबाहेर भिंतीला टेकून क्लेमेंटीन उभ्या होत्या. हातात न पेटवलेली मेणबत्ती आणि फुलांची पिशवी. शेजारी क्रुसाजवळची कार्मिन त्यांचा दंड धरून उभी. सगळं गाव जाईपर्यंत थांबून मग आत जाणार असाव्यात.

"सापडला का हो कागद, साहेब?"

"शोधतोय, सिस्टर."

"बरं," त्या म्हणाल्या. "उन्हाचे आलात, पाणी तरी प्या." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मी प्यायलो.

घरी आलो तर सुनंदा दारातच होती. "दिलात?"

मी "हो" म्हणालो.

तिने डोळे मिटले, कोविडनंतर घरी आली तेव्हा मिटले होते तसे. मग स्वयंपाकघरातून खोका घेऊन आली. सकाळीच आणून ठेवला होता.

"घ्या. आता खा पेढा."

एक खाल्ला. तिने आग्रह केला म्हणून दुसराही. यादी या पानात घालून ठेवतो आहे.